शून्याच्या पुढचे किलोमीटर

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेतली पोरं माझ्या पाठीमागं मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो. आपला संसार टिकला तो या अंतरामुळं, असं तो चारचौघांत सांगतो आणि मी चारचौघांत हसून घेते.

गाडी त्याच्या हौसेची. हायब्रीड. पेट्रोलवर चालते आणि बॅटरीवरही, आणि ती बॅटरी घरी वायर लावून चार्ज करायची नसते, गाडी चालता चालता स्वतःच करून घेते. ब्रेक दाबला किंवा उतार लागला की चाकंच बॅटरीला वीज देतात. एवढं मला शोरूममधल्या माणसानं सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. मी शाळेत विज्ञान शिकवते. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, हे दर वर्षी पोरांकडून घोकून घेते. पण आपल्याच दारातल्या गाडीच्या टाकीत किती उरलंय, हे बघायची सवय मला राहिली नव्हती. जुन्या गाडीला दर आठवड्याला पंपावर न्यावं लागायचं. ही एकदा भरली की महिनाभर विसरून जायचं.

त्या दिवशी सव्वादहाला लेकीचा फोन आला. आदल्या संध्याकाळी यादी लागली होती आणि तिला आपल्याच शहरात, सरकारी कॉलेजात, दातांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली होती. सकाळी ती एकटीच फाइल घेऊन गेली. तू रजा टाकू नकोस, मी काय लहान आहे का, म्हणाली.

"मम्मी, व्हॅलिडिटी ओरिजिनल पाहिजे म्हणतायत. झेरॉक्स चालत नाही. आज पाचपर्यंत. नाहीतर सीट पुढच्याला जाणार."

व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवरचा प्रवेश त्या एका कागदावर उभा असतो. लेक रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी ओरडले असते.

ओरिजिनल माझ्याकडं नव्हतंच. आमच्या घरात अस्सल कागद सगळे माझ्या वडिलांकडं असतात, वैजापूरला, पत्र्याच्या पेटीत. भावांचे, माझे, सगळ्या नातवंडांचे. आमच्याकडं फक्त नकला. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण त्याला कारण आहे. बाबा मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या वस्तीत दुसरं कुणी मॅट्रिक नव्हतं. एका कचेरीत कारकुनाची जागा निघाली. बाबांनी अस्सल सर्टिफिकेट टेबलावरच्या माणसाच्या हातात दिलं आणि ते परत आलं नाही. सापडत नाही म्हणाले. दुसरी प्रत मिळेपर्यंत जागा भरली, पुढच्या जागेपर्यंत वय उलटलं. मग बाबा सरकारी जीपवर ड्रायव्हर झाले आणि ड्रायव्हर म्हणूनच रिटायर झाले. त्याबद्दल त्यांनी कधी कुणाला शिव्या घातल्या नाहीत. फक्त अस्सल कागद कुणाच्या हाती सोडत नाहीत. लागलाच तर स्वतः सोबत येतात, समोर उभे राहतात आणि बघून झालं की परत घेतात.

मी फोन केला. "बाबा, पेटी उघडून कागद काढून ठेवा, मी निघालेच."

"मी येतो सोबत."

"बाबा, लई गडबड आहे."

"म्हणूनच येतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

शाळेत रजा टाकून आमच्या उस्मानपुऱ्यातून निघताना स्क्रीनवर दीडशे दिसत होतं. म्हणजे टाकीत आहे तेवढ्यावर गाडी आणखी दीडशे किलोमीटर जाईल. वैजापूर अठ्ठ्याहत्तर. परतीचं तिथंच भरू, असं मी ठरवलं आणि पाय दाबला. टँकरवाल्यांच्या संपाचा तो तिसरा दिवस होता. बातमी मी सकाळीच वाचली होती, पण महिन्यातून एकदा पेट्रोल भरणाऱ्या माणसाला पेट्रोलची बातमी आपली वाटत नाही. भादव्यातलं ऊन, एसी जोरात, काटा शंभरच्या खाली नाही. गाडी पीत होती आणि मी पाजत होते.

बाबा दारातच उभे होते. आई गेल्यापासून एकटे राहतात, वय शहात्तर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. पिशवीत प्लॅस्टिकची फाइल आणि फाइलीत तो कागद. मी हात पुढं केला तर त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला.

वैजापुरातल्या पहिल्या पंपावर पुठ्ठा लटकत होता, पेट्रोल नाही. दुसऱ्यावरही तोच. तिसऱ्यावर होतं, पण रांग थेट मार्केट यार्डाच्या फाटकापर्यंत. आम्ही रांगेत लागलो. दहा मिनिटं, वीस, पन्नास मिनिटं. आमच्या पुढं चार गाड्या उरल्या तेव्हा पंपावरच्या माणसानं नळी उचलून मशीनला अडकवली आणि दोन्ही हात हलवले. संपलं. मागचे लोक त्याच्या अंगावर धावून गेले. मीही उतरले, पण बाबांनी हाक मारली, "त्याच्यावर काय ओरडायलीस? त्याच्या घरी हाय का इहीर पेट्रोलची?"

एसटी स्टँडवर चौकशी केली. गाडी अडीचची, पोचायला सव्वापाच. संपलाच विषय. पावणेदोन वाजले होते. स्क्रीनवर चोपन्न किलोमीटर, समोर रस्ता अठ्ठ्याहत्तर. मधल्या चोवीस किलोमीटरवर माझ्या लेकीची सीट होती.

मी नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये, दबक्या आवाजात बोलत होता. "पेट्रोल संपू देऊ नकोस हं. नुसत्या बॅटरीवर एखाद-दीड किलोमीटर जाते, मग उभीच राहते. पुस्तकात लिहिलंय."

"मग पुस्तक आधी का नाही दाखवलं?"

"तू कधी विचारलंस?"

मी फोन कापला. पुण्यात आहे म्हणून वाचला.

बाबांना सगळं सांगितलं तर ते जराही घाबरले नाहीत. उलट सीटवर सावरून बसले. रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी गाडीबद्दल काही विचारलं नव्हतं.

"चोपन्न म्हणजे काय चोपन्नच नसतं बाई. काटा झिरोवर आला म्हणून ड्रायव्हर काय खाली उतरतो का? टाकीच्या तळाला आसतंय."

"किती असतं?"

"ते गाडीला म्हाइत आन् ड्रायव्हरला. चल तू. एसी बंद कर. पाय हलका ठेव. पन्नासच्या वर जाऊ नको आन् ब्रेक लावायची पाळी येऊ देऊ नको."

तशी निघाले. एसी बंद केल्यावर गाडीची भट्टी झाली. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत, शिव्या देत पुढं जात होते. मी एक डोळा रस्त्यावर आणि एक स्क्रीनवर ठेवला होता. बाबा पुढचं सांगत होते. "पुढं खड्डा हाय, आत्ताच पाय काढ. ती म्हैस आडवी जाणार, थांबायचं नाय, हळू हो." आणि खरंच फरक पडत होता. रस्ता भराभर कमी होत होता आणि आकडा सावकाश. देवगाव रंगारीला आलो तेव्हा शहर सत्तेचाळीस राहिलं होतं आणि स्क्रीनवर तेहेतीस होतं. चोवीसचा फरक चौदावर आला होता.

"बगितलं का?" बाबा म्हणाले.

"बगितलं," मी म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच मला श्वास घेतल्यासारखं वाटलं. बाबांनी पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली, मला दिली. स्वतः खात नाहीत, वरचे दात सगळे गेलेत. "माझे दात गेल्यावर नात डॉक्टर व्हायली. पहिली कवळी मलाच करून दे म्हणावं," म्हणाले. मी हसले.

देवगावच्या पंपावरही पुठ्ठाच होता. पण आता आम्हाला पुठ्ठ्यांची सवय झाली होती.

वेरूळच्या पुढं चढ सुरू झाला आणि माझं हसू तिथंच राहिलं. गाडीचं इंजिन घुं घुं करायला लागलं आणि आकडा डोळ्यांदेखत पडायला लागला. सतरा. चौदा. नऊ. एका वळणावर नऊ होतं, पुढच्या वळणावर पाच. बारीक घंटी वाजली, पिवळा दिवा लागला. खुलताबादच्या घरांपाशी पोचलो तेव्हा आकडाच गेला, नुसत्या तीन आडव्या रेघा उरल्या. गाडीला सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

खुलताबादच्या पंपाला आडवी दोरी बांधलेली. बाबांनी दर्ग्याच्या दिशेनं हात कपाळाला लावला. आम्ही बौद्ध, घरात बुद्धाशिवाय दुसरी तसबीर नाही, पण घाटातून गाडी नेताना ड्रायव्हरला सगळे चालतात असं ते म्हणतात.

लेकीचा फोन आला. "कुठं आलीस?"

"खुलताबाद. येतेच."

"मम्मी, इथं माझ्यामागं वेटिंगवाली एक मुलगी वडिलांना घेऊन बसलीय. पाचची वाट बघत."

"बसू दे. पेट्रोल भरपूर आहे," मी म्हणाले. तिनं पेट्रोलचं विचारलंच नव्हतं.

शहर पंचवीस किलोमीटर. वाजले होते सव्वातीन. पण आता घाट उतरायचा होता आणि इथं माझं विज्ञान कामाला येणार होतं. स्क्रीनच्या एका कोपऱ्यात बॅटरीच्या आठ पट्ट्या असतात, त्यातल्या तीन उरल्या होत्या. पायथ्यापर्यंत आठही भरतील, असा माझा अंदाज होता. मी बाबांना तसं सांगितलंही. "आता बघा, उताराला ही फुकटची वीज बनवते." बाबांनी मान हलवली. त्यांना काय समजलं ते मी विचारलं नाही.

उतार लागला. गाडी एकदम मोकळी, हलकी धावायला लागली. आवाज नाही, काही नाही. छान, बॅटरीवर चाललीय, चार्ज होतेय, असं मला वाटलं. घाट हिरवागार होता, पण माझं लक्ष वळणांवर. मात्र दोन-तीन वळणांनंतर लक्षात आलं की ब्रेक नेहमीपेक्षा जास्त दाबावा लागतोय. मी स्क्रीनकडं पाहिलं. पट्ट्या तीनच. आणखी दोन वळणं. तीनच. मग जराशी सरळ वाट आली तेव्हा नीट बघितलं, तर पट्ट्यांच्या शेजारी मोठं एन अक्षर. खाली पाहिलं, तर गिअरच्या दांड्यावर बाबांचा उजवा हात. सुरकुतलेला, शांत, दांड्यावर ठेवलेला. वळण घेताना मी पुढं बघत असताना त्यांनी एका बोटानं गाडी न्यूट्रल करून टाकली होती.

त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. उतार आला की जीप न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचवायचं. साहेब मागं झोपलेला असायचा आणि बाबा घाट मोकळा उतरायचे. महिनाअखेरीला सगळ्या ड्रायव्हरांत त्यांच्याच जीपचं तेल उरायचं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण या गाडीचं उलटं असतं. न्यूट्रलमध्ये चाकं बॅटरीला काहीच देत नाहीत. जवळजवळ सगळा घाट वाया गेला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांचा हात झटकला, दांडा मागं ओढला आणि तोंडाला येईल ते बोलले. हे काय केलं, कुणी सांगितलं होतं हात लावायला, पोरीच्या आयुष्याची माती करायचीय का. बाबा म्हणाले, "मला वाटलं तेल वाचंल."

"तुमची ती जीप कधीच भंगारात गेली, बाबा! तुम्हाला काय कळतं यातलं? जन्मभर ड्रायव्हरच राहिलात ना नुसते!"

वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते ऐकू आलं. गाडीत एसी नव्हता, इंजिन बंद होतं, त्यामुळं शब्दन् शब्द ऐकू आला. बाबांनी तो झटकलेला हात पिशवीवर ठेवला आणि पुढं बघत बसले. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. माझं अर्धं लक्ष पट्ट्यांकडं होतं, तीनच्या चार झाल्या का म्हणून.

दौलताबादला किल्ल्याच्या तटातल्या दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी निघते. नेमकी तिथं सहलीची बस अडकली होती. दहा मिनिटं उभे राहिलो. सीताफळवाल्या बाया खिडकीशी टोपल्या आणत होत्या. बाबा एरवी भाव करायचे, आज त्यांनी मान वळवली नाही. त्यांनी खड्ड्याचं सांगणंही बंद केलं होतं. मला वाटत होतं त्यांनी काहीतरी बोलावं, निदान पाय हलका ठेव म्हणावं. मी स्वतःच पाय हलका ठेवून चालवत राहिले आणि डोळ्यांत पाणी येऊन रस्ता धूसर व्हायला लागला तशी बाहीनं पुसून काढलं.

मिटमिटा मागं पडलं आणि इंजिन दोनदा अडखळून गप्प झालं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. आता नुसती बॅटरी. मी विजेचे खांब मोजायला लागले, कशाला ते माहीत नाही. चार पट्ट्या, तीन, दोन. गाडी आवाज न करता चालत होती आणि मी आतल्या आत तिला विनवत होते, अजून थोडं, माय, अजून थोडं. एक पट्टी. मग पायाखालचा जोर गेला. मी गाडी कशीबशी डाव्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली घेतली आणि ती उभी राहिली. चार वाजून पाच मिनिटं. कॉलेज अजून सात किलोमीटर.

मी रस्त्यावर धावले. दोन रिक्षा भरलेल्या गेल्या, तिसरी आलीच नाही, संपामुळं निम्म्या रिक्षा पंपांवर रांगेत होत्या. एका कारला हात केला, ती थांबली नाही. चार तेरा.

"बोनेट उघड," बाबा म्हणाले. घाटानंतरचे त्यांचे पहिले शब्द.

"बोनेटमध्ये काय आहे बाबा? पेट्रोल नाहीये!"

"तू उघड."

उघडलं. बाबा गाडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, एक हात उघड्या बोनेटवर, दुसरा हात वर केलेला. हलवत नव्हते, नुसता वर धरलेला. मी पाहत राहिले. दोन मिनिटांत मागून सरकारी पाटीची पांढरी जीप आली, पुढं गेली, आणि वीस पावलांवर थांबून मागं आली. बोनेट उघडून असा उभा राहिलेला ड्रायव्हर दिसला की सरकारी ड्रायव्हर थांबतोच, हे मला त्या दिवशी कळलं.

"कुठले काका?"

"वैजापूर. तहसीलच्या जीपवर होतो. आता रिटायर."

"काय झालं?"

"तेल संपलं. नातीचा कागद पाचच्या आत कॉलेजात पोचवायचाय."

ड्रायव्हरनं मागं पाहिलं. मागची सीट कागदांच्या गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेली. पुढं त्याच्या शेजारी एकच जागा. "एकच माणूस बसंल काका."

मला वाटलं बाबा चढतील. कागद त्यांच्या हातात होता आणि तो हात मी आजवर कधी उघडलेला पाहिला नव्हता. त्यांनी पिशवीतून फाइल काढली, प्लॅस्टिक वर करून कागद आत आहे ना ते पाहिलं आणि फाइल माझ्या हातात दिली.

"तू जा. आईबापाची सही लागती आसंल. त्यांच्या हातात दिला तरी समोर उभी ऱ्हा. बघून झाला की परत घे."

"आणि तुम्ही?"

"मी गाडीपाशी थांबतो. गाडी सोडून जायची नसती."

त्यांचा फोन गडबडीत वैजापूरला चार्जिंगलाच राहिला होता, हे मला जीप चालू झाल्यावर आठवलं. आरशात ते लहान होत गेले.

चार एकेचाळीसला मी कॉलेजच्या खिडकीशी होते. लेक दाराशी उभी होती, ओठ पांढरे. आतल्या बाईंनी कागद घेतला, उजेडात धरला, झेरॉक्सशी ताडून पाहिला, शिक्का मारला. मी काचेला चिकटून समोर उभी राहिले. त्या कागद बाजूला ठेवून दुसरं काही लिहायला लागल्या तसं माझी नजर त्या कागदावरून हलेना, आणि बाबांना त्या तरुणपणीच्या दिवशी काय झालं असेल ते मला पन्नाशीला आल्यावर समजलं. "मॅडम, ओरिजिनल परत द्या," मी जरा मोठ्यानंच म्हणाले. त्यांनी दिला. प्रवेश झाला.

लेकीनं मला मिठी मारली आणि मग म्हणाली, "आजोबा कुठंयत?"

शहात्तर वर्षांचा माणूस, शुगर आहे, सकाळपासून पोटात नीट काही नाही, उन्हात हायवेच्या कडेला, फोनशिवाय. आणि मी त्यांना जे बोलले ते. एक सीएनजीची रिक्षा मिळाली, तिच्या राखीव टाकीतलं लिटरभर पेट्रोलही रिक्षावाल्यानं बाटलीत काढून दिलं. त्या सगळ्या वाटेवर मी घाटाचं गणित मांडत होते, आणि ते काही केल्या माझ्या बाजूनं सुटत नव्हतं. अख्ख्या घाटाची वीज मिळाली असती तरी गाडी आणखी एक किलोमीटर गेली असती, फार तर दीड. कॉलेज सात किलोमीटर होतं. बाबांच्या एका बोटानं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते सकाळीच, उस्मानपुऱ्यात, मी दीडशेचा आकडा बघून पाय दाबला तेव्हा.

पावणेसहाला पोचलो. गाडीच्या चाकांना दगड लावलेले, मागं रस्त्यावर लिंबाची डहाळी टाकलेली, येणाऱ्याला दिसावी म्हणून. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते, दार उघडं, पाय बाहेर. आम्हाला बघून उठले.

"झालं?"

"झालं आजोबा," लेक म्हणाली आणि त्यांच्या पाया पडली.

"कागद?"

मी फाइल दिली. त्यांनी कागद काढला, पुढून पाहिला, मागून पाहिला, परत ठेवला. मग खिशातून एक पाकीट काढलं. गाडीच्या खणात सर्व्हिसिंगचं रिकामं पाकीट पडलं होतं, ते. त्याच्या पाठीवर पेनानं रेघा मारून रकाने पाडले होते, सरकारी जीपच्या लॉगबुकात असतात तसे. अक्षर सुरेख. कारकुनाच्या जागेसाठी घोटलेलं अक्षर.

कोठून : वैजापूर. कोठपर्यंत : मिटमिट्याच्या पुढे. प्रवासाचे कारण : नातीचा प्रवेश. वाहन बंद पडले : ४.०५. बंद पडण्याचे कारण : निघण्यापूर्वी टाकी पाहिली नाही. घाटात गाडी न्यूट्रल केली. जबाबदार : चालक. आणि खाली त्यांची सही.

"बाबा, गाडी मी चालवत होते."

"व्हय."

"टाकी मी नाही बघितली. आणि न्यूट्रलनं काही झालं नाही, मी गणित केलंय. ते खोडा."

"गाडीत ड्रायव्हर बसलेला आसताना चूक दुसऱ्या कुणाची नसती बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्यांचा उजवा हात धरला, घाटात झटकलेला, आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. चुकले बाबा, म्हणाले. दोनदा म्हणाले. त्यांनी मला रडू दिलं.

शेवटचा रकाना कोरा होता. त्यावर लिहिलं होतं, अधिकाऱ्याची सही. बाबांनी पेन नातीकडं केलं. "हितं तू कर. गाडी तुझ्या कामासाठी काढली होती."

तिनं पाकीट बोनेटवर ठेवून सही केली. मी पेन मागितलं. निदान जबाबदारच्या पुढं माझं नाव लिहू द्या, चालक हा शब्द तेवढा खोडते, म्हणाले.

बाबांनी पाकीट घडी घालून फाइलीत ठेवलं, त्या अस्सल कागदाच्या मागं.

"लॉगबुकात खाडाखोड चालत नसती," ते म्हणाले आणि चाकाचे दगड काढायला वाकले.